भिंतीपलीकडच्या पाच निलगिरी

मोजणी खात्याचा माणूस साडेनऊला येणार होता, आणि त्या सकाळी आईने बापूंची दाढी दोनदा केली. पहिली केलेली तिच्या लक्षातच राहिली नाही. दुसऱ्यांदा साबणाचा फेस लावून तिने वस्तरा उचलला तेव्हा बापूंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, आणि मग तिला दिसलं की फेसाखालचा गाल गुळगुळीतच आहे.

"लक्ष कुठंय मेलं माझं," असं म्हणत तिने फेस पुसून काढला.

बापूंनी मनगट सोडलं नाही. त्यांची उजवी बाजू आठ महिन्यांपूर्वी गेली होती. सगळं बळ आता त्या एका हातात येऊन बसलं होतं.

"मा," ते म्हणाले.

"हो."

"मा. मा." आणि मग हात खिडकीकडे.

खिडकीतून रंगकामाचं अंगण दिसायचं. तीन हौद, तारांवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी, मग पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे लगेच निलगिरीची पाच झाडं, एका रांगेत, घराच्या दुप्पट उंच. त्यातल्या तिसऱ्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी, वाऱ्याचा मागमूस नसताना, भर दुपारी कडाडली आणि लडी उलटत उभ्या असलेल्या बापूंवर आली. जीव वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून बापूंच्या तोंडात हे एवढं एकच अक्षर उरलं होतं.

थोरल्या मुलाने त्या अक्षराचा अर्थ पहिल्याच आठवड्यात लावला. मा म्हणजे मास्तर. शेजारचे मास्तर, ज्यांच्या परसात ती झाडं होती आणि ज्यांच्या घरात धाकटी लेक दिलेली होती. "बापू स्वतः सांगतायत कुणामुळे झालं ते," असं त्याने पोलीस चौकीत ठणकावून सांगितलं, आणि तक्रारीत ते तसंच लिहिलं गेलं.

मा म्हणजे मास्तर, याबद्दल आईलाही शंका नव्हती. पण ती आठ महिने तो हात बघत होती. कुणावर बोट ठेवणाऱ्या माणसाचा तो हात नव्हता. कुणाला तरी बोलावून आणा म्हणणाऱ्याचा होता.

आणि मास्तरांना जाऊन दोन महिने झाले होते. बापूंना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आले हो मोजणीवाले," सून चहाचा कप घेऊन दारात आली. "म्हणजे आल्या. बाई आहेत. यांनी सकाळपासून 'या साहेब, बसा साहेब' अशी तालीम केली होती, ती सगळी फुकट गेली."

आई हसली नाही. सुनेनेच थोडं हसून घेतलं आणि कप खाली ठेवला. "असा चेहरा का केलाय, आई? आज एकदाचं होऊन जाईल. झाडं त्यांच्या हद्दीत आहेत असं कागदावर आलं की तोडावीच लागतील त्यांना. खटल्यालाही मग जोर येईल, असं हे म्हणतात."

"कुणावर खटला? माणूस तर गेला."

आई अगदी हळू बोलली होती. तरी सुनेने दचकून पलंगाकडे पाहिलं. बापू खिडकीकडेच बघत होते.

"ते वकील बघतील," सून म्हणाली, आणि चहा गार होईल असं सांगून निघून गेली.

* * *

थोरल्याने हात तीनदा धुतले होते, पण कोपरापर्यंतची नीळ काही गेली नव्हती. सरकारी माणसासमोर निळे हात घेऊन उभं राहायचं त्याला उगाचच अवघड वाटत होतं. मोजणीच्या बाई मात्र त्याच्या हातांकडे बघतही नव्हत्या. डोक्यावर टोपी, खांद्यावर तिपाई, बगलेत नकाशाची गुंडाळी. रस्त्याच्या कोपऱ्यावरची खूण शोधून त्यांनी यंत्र मांडलं, डोळा लावला आणि म्हणाल्या, "दोन माणसं लागतील. एक या घरचा, एक त्या घरचा. टेपचं एकेक टोक धरायचं. म्हणजे बाईंनी टेप सैल सोडली, असं नंतर कुणी म्हणायला नको."

शेजारच्या फाटकातून जावई बाहेर आले. चष्म्याच्या दुकानात ते भिंगं घासण्याचं काम करायचे, आणि कामाच्या सवयीने कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. टेपचं टोकही त्यांनी तसंच बघितलं. थोरल्याकडे पाहिलं नाही.

पाच महिन्यांत दोघं इतक्या जवळ आले नव्हते. शेवटचे आले होते ते याच रस्त्यावर. मास्तर भाजीची पिशवी घेऊन परत येत होते आणि थोरल्याने त्यांची कॉलर धरली होती. सत्तरीचा माणूस. लोक जमले, जावई धावत मध्ये पडले, पिशवी फाटली. मास्तरांनी कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. ते एवढंच म्हणाले होते, "अरे, तुझ्या बापूंची तब्येत कशी आहे, ते तरी सांग." त्यावर थोरला जास्तच चवताळला होता. त्याच दिवशी त्याने बहिणीला निरोप धाडला, त्या घरची म्हणून राहायचं असेल तर या दारात पाऊल टाकू नकोस.

पुढे चौकीतून मास्तरांना तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन ते खुर्चीत बूट काढायला बसले, आणि धाकटीने पाणी आणून दिलं तेव्हा एक बूट काढलेला होता, एक पायातच होता.

"टेप ताठ धरा," बाई म्हणाल्या. दोघांनीही ताठ धरली.

घराची बाजू झाली, अंगण झालं. बाई वहीत आकडे लिहीत होत्या. भिंतीशी आल्यावर त्यांनी पेन्सिलीने तिच्यावर टकटक केलं. "ही कुणी बांधली?"

"आम्हीच. बापूंनी. मी शाळेत होतो तेव्हा."

"तेव्हा पलीकडे कोण होतं?"

"कुणी नाही. रान होतं. मास्तरांनी ती जागा नंतर घेतली. बावीस वर्षं झाली असतील."

"हं," बाई म्हणाल्या.

ते 'हं' थोरल्याला आवडलं नाही. पण त्याने मनाची समजूत घातली. मोजणीचा अर्ज खुद्द मास्तरांचाच होता, जाण्याच्या चार महिने आधी टाकलेला. आपल्या हाताने आपल्या गळ्यात दोर अडकवून गेला म्हातारा, असं तो वकिलाला म्हणालाही होता.

मग सगळे रस्त्याने वळसा घालून मास्तरांच्या परसात गेले. थोरल्यालाही जावं लागलं, टेप त्याच्या हातात होती. मागच्या दारात मास्तरांच्या बायको, विहीणबाई, खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या पाठीशी धाकटी उभी होती. किती वाळली आहे ही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. कुणी कुणाला 'ये' म्हटलं नाही.

झाडांशी थांबतील अशी त्याची कल्पना होती. बाई थांबल्या नाहीत. यंत्रात बघत, हाताने त्यांना मागे मागे सरकवत त्या झाडांच्या रांगेवरून पुढे गेल्या, पार पुदिन्याच्या वाफ्यापर्यंत.

"बाई, हद्द तिकडे आहे. भिंतीशी."

"भिंत म्हणजे भिंत. हद्द म्हणजे हद्द," बाई म्हणाल्या. "इथे खणावं लागेल. कुदळ आहे का?"

जावयांनी कुदळ आणली. दीड फुटावर ठण्ण आवाज आला. बाईंनी स्वतः वाकून माती बाजूला केली. चौकोनी दगड होता, त्याच्या माथ्यावर खोल कोरलेली फुल्ली.

"नकाशातही आहे आणि जमिनीतही आहे," बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. "असं फार क्वचित जुळतं. ही खरी हद्द. भिंतीपासून नऊ फूट चार इंच." मग त्या थोरल्याकडे वळल्या. "झाडं दगडाच्या अलीकडे येतात. म्हणजे तुमची."

"आमची म्हणजे?"

"तुमच्या जागेत. पाचही."

टेपचं टोक थोरल्याच्या हातून सुटलं आणि सर्रकन गुंडाळत वाफ्याशी पडलेल्या डबीत गेलं.

"नकाशा चुकलाय तुमचा," तो म्हणाला. मग आवाज चढला. "आमची झाडं आमच्याच भिंतीच्या बाहेर? असं कोण करतं? मला सांगा ना, कोण शहाणा माणूस झाडं लावेल आणि..."

"तुझ्या बापूंनी लावली," भिंतीपलीकडून आवाज आला.

* * *

धाकटीने आईचा आवाज पाच महिन्यांनी ऐकला, आणि तोही असा, भिंतीआडून. चेहरा दिसत नव्हता. आई अंगणात भिंतीला अगदी टेकून उभी असावी, कारण ती ओरडत नव्हती तरी शब्द न् शब्द येत होता.

"गुडघ्याएवढी होती. मी पाणी घालायचे. रस्त्याची धूळ ओल्या सुतावर यायची म्हणून लावली. मग वाढली आणि पानं पडायला लागली. ओल्या लडीवर पान चिकटलं की तपकिरी डाग, धुऊन निघायचा नाही. तोडायची तर परवाना काढा, दहा खेटे घाला. म्हणून त्यांनी भिंतच अलीकडे घेतली. म्हणाले, पलीकडे रान आहे, जाऊ देत झाडं तिकडे."

बाईंनी टोपी काढून हातात घेतली.

धाकटीला लहानपणचे बापू आठवले. दर पानगळीला स्टुलावर चढून भिंतीवरून ओरडायचे, "मास्तर, तुमची पानं आवरा!" आणि पलीकडे बनियनवर झाडू घेऊन मास्तर हसत म्हणायचे, "आवरतो, आवरतो." कधी त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा झाडायला यायचा. भिंतीवरून झाडूची मूठ दिसली की धाकटीला अंगणात काही ना काही काम निघायचं. झाडूने जमवलेलं लग्न, असं दोन्ही घरांत चेष्टेनं म्हणत. वीस वर्षं मास्तरांनी बापूंची पानं झाडली होती.

"तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं," विहीणबाई म्हणाल्या. त्या धाकटीशी बोलत होत्या, पण थोरल्याला ऐकू जाईल अशा बेताने. "झाडं तोडायचा परवाना काढायला गेले तेव्हा कचेरीत कळलं. फांदी पडली त्याच्या दहा दिवस आधी. तुझ्या बापूंकडे गेले होते कागद घेऊन. म्हणाले, दोघं मिळून सही करू, झाडं काढून टाकू, जागेचं काही मनात आणू नका, ती तुमचीच."

"मग?"

"नको म्हणाले तुझे बापू. इतकी वर्षं तुमच्यावर ओरडलो, आता पोरांसमोर काय तोंड दाखवू, म्हणाले. पुढच्या वर्षी बघू."

"सासूबाई, मग हे चौकीत का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

"मी सांगणार होते. त्यांनी सांगू दिलं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर आपण बोट ठेवायचं नाही, म्हणाले. मोजणी होऊ दे, कागद सांगेल." विहीणबाईंनी पदराने खुर्चीच्या हातावरची माती पुसली. "कागदाला सहा महिने लागले."

धाकटी फाटकाकडे निघाली.

"जा," सासूबाई मागून म्हणाल्या. "भेटून ये बापूंना."

रस्त्याने वळून, पाच महिने न ओलांडलेला उंबरा ओलांडून ती थेट अंगणात गेली. आई अजून भिंतीशीच होती. जवळ सून, हातात कपांचा ट्रे, तो कुठे ठेवावा हे न सुचून तशीच उभी. मागोमाग थोरला आला. त्याच्या चपलांना परसातली माती लागली होती.

"वन्सं," सून म्हणाली, "आधी बसा तरी."

"वहिनी, मला बसायचं नाहीये." ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "तुला माहीत होतं."

"झाडं कुणी लावली ते माहीत होतं. हद्द कुठे ते मला काय ठाऊक? मी काय मोजायला गेले होते?"

"आई!"

आईने मान खाली घातली. "माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं माहीत होतं."

"दादा चौकीत गेला त्या दिवशी माहीत होतं?"

"तो गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. परत आला तो कागद करूनच आला. मग मी काय बोलणार? तुझा बाप बेशुद्ध, आणि मी सांगू की चूक त्याचीच आहे? रोज म्हणायचे, उद्या सांगेन. थोरला जेवून उठला की सांगेन. यांना जरा बरं वाटलं की सांगेन."

"आणि मामंजी गेले तेव्हा?"

"तेव्हा..." आईने भिंतीवर हात टेकवला. "तेव्हा ठरवलं की आता कधीच सांगायचं नाही. सांगून कुणाला काय मिळणार होतं?"

"पण आज सांगितलंस."

"ती बाई झाडांच्या पुढे गेली. आता निघणारच होतं."

सुनेच्या हातातले कप किणकिणले. तिने ट्रे हौदाच्या कडेवर ठेवला. थोरला आता बहिणीजवळ सरकला. "बघितलंस? माझ्याशीसुद्धा एका शब्दाने बोलली नाही ही. मला कळलं असतं तर मी असं वागलो असतो का? तूच सांग. या बाईने मला..."

"दादा, तू बोलू नकोस." धाकटीने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तुला माहीत नव्हतं, हे खरं. पण माणूस तुला माहीत होता. वीस वर्षं बघत होतास त्यांना. तुला ताप आला तर पुस्तकं घेऊन इथे येऊन बसायचे, तुझा धडा बुडू नये म्हणून. त्यांची कॉलर धरायला कुठला नकाशा लागत होता रे तुला?"

थोरला तरी आणखी एक पाऊल पुढे आला.

"आता पुरे," सून म्हणाली, आणि नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सगळ्यांदेखत तिने असं कधी केलं नव्हतं. "काही बोलू नका. आपण या घरातल्या चौघांनी मिळून मारलंय त्यांना. मीच तुम्हाला त्या दिवशी म्हटलं होतं, सोडू नका म्हाताऱ्याला. मी म्हटलं होतं. लोकांपुढे शेपूट घालू नका, असंही म्हटलं होतं." ती रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.

खिडकीतून आवाज आला. "मा."

* * *

धाकटी पलंगाच्या कडेला बसली तेव्हा बापूंचा डावा डोळा आधी भरला. उजवा कोरडाच राहिला. इतकं छोटं झालेलं शरीर बघायची तिने सासरच्या वरच्या खिडकीतून सवय करून घेतली होती, पण जवळून त्याला साबणाचा वास येत होता, लहानपणी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं की यायचा तोच, आणि त्या वासाची तिने तयारी ठेवली नव्हती.

"मा," बापू म्हणाले आणि हात भिंतीकडे नेला.

"मास्तर हवेत तुम्हाला."

बापूंनी तिचा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

"कागदावर सही करायची होती ना? झाडांच्या?"

बापूंची मान हलली. एकदा, मग पुन्हा पुन्हा. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. त्यांच्या तोंडाची चालणारी बाजू थरथरत वर गेली. ते हसायचा प्रयत्न करत होते.

"नको गं," आई दारातून म्हणाली. "पाया पडते तुझ्या. एवढं नको सांगूस."

धाकटीने वळून आईकडे पाहिलं. तिच्या मनात राग होता का, ते तिलाही कळत नव्हतं. "गप्प राहून काय झालं ते बघितलंस ना," ती म्हणाली. मग बापूंकडे वळून, ज्या आवाजात ते तिला लहानपणी काही समजावायचे त्या आवाजात म्हणाली, "बापू, मामंजी नाहीत. गेले. दोन महिने झाले."

बापू तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आलेलं हसू तसंच राहिलं होतं. ते उतरवायचं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनी तिचा हात सोडला, आपला हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. त्या एका हातातलं सगळं बळ घेऊन ते स्वतःला मारत राहिले, कपाळावर, डोळ्यावर, ओठांवर. धाकटीने तो हात धरायला बघितला, तिला आवरेना. आई धावत आली. दोघींनी मिळून तो हात उशीवर दाबून धरला, एकमेकींच्या बोटांत बोटं अडकलेली, आणि त्याच्यातलं बळ ओसरेपर्यंत तशाच वाकून राहिल्या.

बऱ्याच वेळाने बापू शांत झाले. ओठ फुटला होता. आईने ओल्या फडक्याने तो टिपला.

"आम्ही जागा सोडतोय," धाकटी उठता उठता म्हणाली. "यांनी बदली मागून घेतली आहे, दुसऱ्या गावच्या दुकानात. सासूबाईंनाही नेतोय. महिनाअखेरीला."

"मला भेटायला येशील ना?"

धाकटीने पदर सारखा केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती थांबली. "मी रागावले नाहीये, आई. रागावले असते तर बरं झालं असतं, कधीतरी उतरला असता राग. पण आता इथं आले की मला ती खुर्ची दिसणार. तिच्यात बसलेले ते, आणि मी हातात पाणी घेऊन. आणि त्या वेळी तू इथं भिंतीच्या अलीकडे होतीस, सगळं माहीत असलेली." तिने बापूंच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "येते."

'येते' म्हणायची सवय म्हणून म्हणाली, हे आईला कळलं.

* * *

मोजणीच्या बाईंनी कागदाच्या दोन प्रती केल्या आणि दोन्ही घरच्या सह्या घेतल्या. झाडं तोडायची असतील तर आता त्यानेच अर्ज करायचा, असं त्यांनी थोरल्याला सांगितलं, आणि पोकळ झालेल्या तिसऱ्या झाडाकडे बघून वर म्हणाल्या, "लवकर करा. हे फार दिवस उभं राहायचं नाही." मग तिपाई खांद्यावर टाकून निघून गेल्या. त्यांना दुपारी आणखी एक मोजणी होती.

थोरला हौदाच्या कडेवर बसून राहिला. जेवायला उठला नाही. उन्हं कलायला लागल्यावर तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडला. सुनेने खिडकीतून बघितलं आणि आईला हाक मारली. दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. तो शेजारच्या फाटकातून आत गेला.

अर्ध्या तासाने परत आला. चालताना त्याचे हात असे लोंबत होते, जणू कुणी दुसऱ्याचे त्याला सांभाळायला दिले होते.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"विहीणबाई भेटल्या?"

"भेटल्या."

"तू काय म्हणालास?"

"म्हणायला गेलो होतो." तो उंबऱ्यावरच टेकला. "तोंडातून शब्दच फुटेना. उभा राहिलो नुसता. जावई आतल्या खोलीत खोके भरत होते, बाहेर आले नाहीत."

"मग त्या काही बोलल्या असतील ना रे? काहीतरी म्हणाल्या असतील. शिव्या तरी दिल्या असतील."

"नाही. म्हणाल्या, ऊन आहे, बसा." थोरला आपल्या निळ्या हातांकडे बघत होता. "मी बसलो. मग आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या."

आई वाट बघत राहिली. सुनेने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि?"

"मी प्यालो," थोरला म्हणाला.